उपचार नागपुरात, जगणं पारशिवनीत

स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार मोठ्या शहरात होतात, पण तो आजार बाई जगते आपल्या गावात. पारशिवनी तालुक्यातल्या एखाद्या बाईच्या स्तनात गाठ आढळली, की तिच्या पुढच्या सगळ्या वाटा नागपूरकडे जातात. तिथे राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे, सगळा विदर्भ ज्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानमधलं एम्स आहे. शस्त्रक्रिया, केमो आणि रुग्णांच्या बोलण्यात ज्याला ‘शेक’ म्हणतात ते रेडिएशन, हे सगळं तिथेच. पण दिवसांचा हिशेब मांडून पाहा. शस्त्रक्रियेसाठी काही दिवसांचा मुक्काम, केमोसाठी दर दोन-तीन आठवड्यांनी एखादा दिवस, शेकाचे तीन ते पाच आठवडे, आणि पुढे दर तीन-सहा महिन्यांनी फाइल काखेत घेऊन तपासणीची एक फेरी. उरलेले सगळे दिवस, म्हणजे दोन केमोंच्या मधले उलट्यांचे आणि तोंड आल्याचे दिवस, केस गळण्याचे दिवस, हात खांद्याच्या वर जात नाही ते दिवस, आणि उपचार संपल्याचं सांगितल्यावर सुरू होणारी गोळ्यांची पाच-दहा वर्षं, ती पारशिवनीत, कन्हानमध्ये, पेंचच्या काठच्या गावांत, कोळसा खाणींच्या वस्त्यांत काढते. तिच्या जगण्याचा दर्जा ठरतो तो या दिवसांत, आणि नेमक्या याच दिवसांत आजाराची माहिती असलेलं माणूस तिच्या आसपास नसतं.

ही पुस्तिका त्या दिवसांसाठी आहे. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या आणि जात असलेल्या स्त्रियांचा आधारगट तालुक्याच्या ठिकाणी कसा उभा राहू शकेल आणि तिथे काय बोललं, शिकलं, केलं जावं, हे पुढच्या पानांत आहे. प्रस्तावनेत मला त्यामागचा विचार मांडायचा आहे. असा गट हा उपचारांचाच एक भाग आहे असं मी मानतो, आणि तो बाई जिथे राहते तिथेच भरायला हवा. हे म्हणणं भावनेपोटी आलेलं नाही. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत या विषयावर बरंच संशोधन झालं आहे. त्यातलं काही या म्हणण्याला बळ देतं, तर काही आपला भ्रम दूर करतं. दोन्ही वाचकांपुढे ठेवणं मला आवश्यक वाटतं.

आधी विषयाचा आवाका पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. नागपुरात इंडियन कॅन्सर सोसायटीने १९८० मध्ये कर्करोगाची नोंदणी सुरू केली. तिथेही स्त्रियांच्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिला आहे. मात्र ती नोंदणी शहराची. शेजारच्या वर्ध्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे २०१० पासून अख्ख्या जिल्ह्याची, खेड्यापाड्यांसकट, मोजदाद होते. पारशिवनीतली बाई मात्र ज्या रुग्णालयात गेली तिथल्या यादीपुरतीच उरते. जी मोजणीत नाही तिच्यासाठी योजना आखली जात नाही, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. दुसरा आकडा निदानाच्या वेळेचा. राष्ट्रीय नोंदणीच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या ५७ टक्के रुग्णांचा आजार निदान होतानाच आसपासच्या भागात पसरलेला असतो. म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, काखेतल्या गाठी काढणं, लांबलेली केमो, आणि मागे राहणारे त्रासही तेवढेच जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी झालेल्या भारतीय स्त्रिया शंभरात एकही भरल्या नाहीत. प्रमाण होतं ०.९ टक्के. तिसरा आकडा असा, की २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या भारतीय स्त्रियांपैकी साधारण ६६ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या. अमेरिकेत हेच प्रमाण ९० टक्के होतं. या आकड्यातली दरी चिंतेची आहे आणि तिच्याविषयी पुष्कळ लिहिलं जातं. पण ६६ या आकड्याला दुसरीही बाजू आहे. शंभरातल्या सहासष्ट जणी जगतात, आणि त्या कशा जगतात याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही.

आधारगटांच्या संशोधनाची सुरुवात मोठ्या आशेने झाली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी शरीरभर पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या ५० जणींचे वर्षभर दर आठवड्याला गट भरले. तिथे त्या भीतीविषयी, मरणाविषयी, घरच्यांविषयी मोकळेपणाने बोलत आणि वेदना सोसण्याच्या युक्त्या शिकत. उरलेल्या ३६ जणींना फक्त नेहमीचे उपचार मिळाले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला: गटातल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, गटाबाहेरच्या १८.९ महिने. जवळपास दुप्पट. मनाने शरीराचा कर्करोग मागे रेटता येतो, असा या निष्कर्षाचा अर्थ जगभर लावला गेला. मग कॅनडातल्या पामेला गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे करून पाहिला. २००१ मध्ये त्याचं उत्तर आलं. आयुष्य वाढलं नव्हतं. गटातल्या स्त्रिया १७.९ महिने जगल्या, गटाबाहेरच्या १७.६ महिने. पुढे स्पीगल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या अभ्यासातही एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही, आणि तो त्यांनी २००७ मध्ये प्रामाणिकपणे छापला. पण गुडविन यांच्या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो सहसा विसरला जातो. गटातल्या स्त्रियांची मनःस्थिती सुधारली, त्यांना वेदना कमी जाणवली, आणि ज्या आधीपासून जास्त खचलेल्या होत्या त्यांना सर्वाधिक फायदा झाला.

तेव्हा पहिली गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी: गटात आल्याने कर्करोग बरा होत नाही. असं वचन या पुस्तिकेत कुठेही नाही, आणि कोणत्याही गटाने ते देऊ नये. आपल्या भागात हे जास्त ठामपणे सांगावं लागतं. गाठ लागल्यापासून नागपूरला पोचेपर्यंत बाईला जडीबुटीवाला, अंगात येणारा, लिंबू उतरवणारा असे अनेक जण हमखास बरं करण्याचं सांगून गेलेले असतात, आणि त्यात गेलेले महिने परत येत नाहीत. आधारगटाने त्या रांगेत उभं राहायचं नाही. त्याचं काम दुःख, वेदना आणि एकटेपण कमी करण्याचं आहे, आणि तेवढ्यासाठीही तो असायला हवा. डोकेदुखीची गोळी आयुष्य वाढवते का, असं आपण विचारत नाही. खचलेल्या बाईला उभं करणाऱ्या उपायाकडेच हा जादा दाखला का मागायचा?

जगण्याचा दर्जा म्हणजे नेमकं काय, याबद्दलही पुरेशी स्पष्टता हवी. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची जी व्याख्या केली आहे तिच्या केंद्रस्थानी माणसाचं स्वतःचं मत आहे: आपण ज्या संस्कृतीत, ज्या मूल्यांत राहतो तिथे, आपल्या अपेक्षांच्या मानाने, आपलं आयुष्य आपल्याला कसं वाटतं. युरोपातल्या कर्करोग संशोधन संघटनेने स्तनाच्या कर्करोगासाठी प्रश्नावली तयार केली. ती हाताची सूज, केस जाणं, आरशातलं शरीर, लैंगिक आयुष्य आणि पुढची काळजी यांविषयी विचारते. भारतीय स्त्रियांसाठी ती कितपत लागू पडते याची तपासणी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. ही प्रश्नावली उपयोगाची आहे, आणि तरीही पारशिवनीच्या बाईला ज्यांची उत्तरं हवी आहेत असे कितीतरी प्रश्न तिच्यात नाहीत. मी पुन्हा रोवणीला जाऊ शकेन का? कापूस वेचता येईल का? रोजी बुडाली तर घर कसं चालेल? माझ्या हातचं पाणी शेजारीण पिईल का? टक्कल पडलेल्या डोक्याने हळदीकुंकवाला गेले तर चालेल का, आणि मला बोलावतील का? मुलीच्या सोयरिकीत माझा आजार आडवा येईल का? दर्जा म्हणजे या प्रश्नांची उत्तरं.

हाताचंच घ्या, कारण इथे माहिती आणि सोबत किती एकमेकींत गुंतल्या आहेत ते लख्ख दिसतं. काखेतल्या लसिकागाठी काढल्या की साधारण पाचातल्या एका बाईच्या त्या बाजूच्या हाताला पुढे कधीतरी सूज येते. कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. एकदा रुळलेली सूज पूर्ण जात नाही, पण सुरुवातीला ओळखली तर आटोक्यात राहते. शहरातल्या कार्यालयात काम करणाऱ्या बाईला तो त्रास असतो. शेतमजूर बाईच्या तर पोटावरच घाला पडतो. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात, चुलीचा चटका बसतो, निंदताना विळा लागतो, रोवणीत तास न् तास हात चिखलात असतात, मिरची तोडताना बोटं भाजतात. यातली प्रत्येक बारीक जखम त्या हाताला जंतुसंसर्गाचं दार उघडते आणि सूज वाढवते. मग बाईला काय सांगितलं जातं? बहुधा एवढंच, की त्या हाताने वजन उचलू नका. हा सल्ला पाळायचा तर पाण्याची गुंडी, सरपणाची मोळी, नातवंडं, मजुरी, सगळंच सोडावं लागेल. शिवाय तो पूर्ण खराही नाही. अमेरिकेतल्या कॅथरिन श्मिट्झ यांनी सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना हळूहळू वाढत जाणारा वजनांचा व्यायाम दिला आणि २००९ मध्ये दाखवून दिलं, की त्याने सूज वाढत तर नाहीच, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी होतात. म्हणजे हात कायमचा जपून ठेवण्यापेक्षा तो बेताबेताने पुन्हा कामाला लावणं बरं. पण हे कसं करायचं, किती दिवसांनी किती वजन, हातमोजा कुठल्या कामाला घालायचा, जखम झाली तर लगेच काय करायचं, त्या हाताला सुई का टोचू द्यायची नाही, हे बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत डॉक्टरांना समजावून सांगता येत नाही. ते प्रशिक्षित परिचारिका सांगू शकते, आणि त्याच धुऱ्यावरून चालणारी, त्याच वावरात राबणारी, चार वर्षांपूर्वी याच शस्त्रक्रियेतून गेलेली बाई करून दाखवू शकते. केमोतल्या काही औषधांनी तळपाय बधिर होतात आणि चिखलात पाय कुठे पडतो ते कळत नाही, हेही तीच सांगू शकते.

मात्र नुसत्या बायका एकत्र बसवल्या की काम झालं, असं मुळीच नाही. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ विकी हेल्गेसन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ३१२ स्त्रियांचे चार भाग केले: काहींना आठ आठवडे तज्ज्ञांकडून माहिती, काहींना आपसात मोकळी चर्चा, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने बऱ्याच जणांना चकित केलं. फायदा झाला तो माहिती मिळालेल्या स्त्रियांना. नुसत्या चर्चेचा सरासरी फायदा दिसलाच नाही. पुढच्या वर्षी त्यांनी अधिक खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा कळलं की ज्यांना नवऱ्याकडून किंवा डॉक्टरांकडून पुरेसा आधार नव्हता त्यांना चर्चेचा उपयोग झाला, आणि ज्यांना घरी भरपूर आधार होता त्यांच्यापैकी काहींना चर्चेने त्रासच झाला. हा अभ्यास आधारगटांच्या विरोधात वापरला जातो. मला तो आधारगट कसा असावा याचं सर्वांत चांगलं मार्गदर्शन वाटतो. गटाच्या प्रत्येक बैठकीत शिकण्यासारखं काहीतरी ठोस असलं पाहिजे. त्यातूनच बोलणं निघावं. यायची सक्ती कुणालाही नसावी. आणि ‘घरचे आहेत की बघायला’ या नेहमीच्या आक्षेपालाही इथे उत्तर मिळतं: जिचे घरचे खरोखर बघतात तिला गटाची गरज कमी असेल, ती केवळ माहितीपुरती येईल. गट मुख्यतः तिच्यासाठी आहे जिच्या घरी बोलणं बंद झालं आहे, जिला माहेरी आणून सोडलं आहे, जी सासूच्या धाकाने टोपी न काढता झोपते. अशा बाया प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्या स्वतःहून कुठे तक्रार करत नाहीत.

आयुष्य वाढत नाही असं वर म्हटलं. ते गटातल्या बोलण्याच्या थेट परिणामाबद्दल खरं आहे. पण गटाने उपचार पूर्ण होत असतील तर त्या वाटेने आयुष्यही वाढू शकतं, आणि हा मुद्दा आरोग्य खात्याने तरी गंभीरपणे घ्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी जी मोहीम सुरू केली तिची तीन उद्दिष्टं आहेत: किमान ६० टक्के रुग्णांचं निदान पहिल्या दोन टप्प्यांत व्हावं, रुग्ण पहिल्यांदा तपासणीला आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि किमान ८० टक्के स्त्रियांचे उपचार अर्ध्यावर न सुटता पूर्ण व्हावेत. यातलं तिसरं उद्दिष्ट यंत्रांनी गाठता येत नाही. पारशिवनीहून नागपूर चाळीसेक किलोमीटर, पण जामठा आणि मिहान शहराच्या दक्षिण टोकाला, म्हणजे अख्खं शहर ओलांडून. तीन आठवडे रोज शेकाला जायचं तर बस, त्यापुढची शहरातली वाहनं, सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी, घरी ढोरंवासरं आणि लेकरं. दोन केमोंनंतर बरं वाटायला लागलं की बाई थांबते, किंवा तिला थांबवतात. गोळ्यांची कथा तर आणखी अवघड. ज्यांचा कर्करोग संप्रेरकांवर वाढणारा असतो त्यांना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी रोज, किमान पाच वर्षं घ्यावी लागते. पाच वर्षं घेतलेल्या टॅमॉक्सिफेनने पुढच्या पंधरा वर्षांतले या आजाराचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात, हे २०११ च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे. ही गोळी महागही नाही. आणि तरीही कॅलिफोर्नियातल्या, उत्तम आरोग्यविमा असलेल्या ८,७६९ स्त्रियांच्या पाहणीत ठरलेल्या मुदतीपर्यंत नीट गोळ्या घेणाऱ्या निम्म्याच निघाल्या. अंगातून वाफा निघतात, पाळी बिघडते, सांधे धरतात, आणि आजार तर दिसत नाही. मग गोळी कशाला? तिथे अशी गत, तर आपल्या तालुक्यात पाचव्या वर्षी गोळी कुणाच्या उशाशी असेल? दर महिन्याला भेटणाऱ्या दहा जणींपैकी एकीने ‘तुझी गोळी चालू आहे ना गं?’ विचारणं हा इथे वैद्यकीय उपाय ठरतो.

त्रास वेळेवर सांगण्यानेही फरक पडतो. न्यूयॉर्कमध्ये ईथन बाश यांनी पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांचा अभ्यास केला. काहींना आपले त्रास नियमितपणे कळवायची सोय दिली आणि गंभीर त्रास कळला की परिचारिकेला सूचना जाई. २०१७ मध्ये निष्कर्ष आला, की असे रुग्ण सरासरी ३१.२ महिने जगले, तर नेहमीच्या पद्धतीतले २६ महिने. तिथे हे संगणकावरून झालं. आपल्याकडची बाई ताप आला तरी पुढच्या तारखेपर्यंत अंगावर काढते, कारण केमोनंतरचा ताप धोक्याचा असतो हे तिला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी रात्री कुणाला उठवावं या संकोचाने ती गप्प राहते. गटातल्या एकीला फोन करायला तिला संकोच वाटणार नाही.

यावर सर्वांत आधी येणारा आक्षेप पैशाचा असतो: औषधाला पैसे नाहीत, तिथे बोलण्यावर कशाला खर्च? औषधाचा प्रश्न सुटलेला नाही हे खरंच. पण महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन होतं, तिची मर्यादा आता पाच लाखांपर्यंत नेली आहे, आणि २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. या सोयी कागदावर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच बाईपर्यंत पोचत नाहीत. कोणता कागद आधी काढायचा, शिधापत्रिकेतलं नाव चुकलं असेल तर काय करायचं, रुग्णालयात योजनेच्या खिडकीवर कुणाला भेटायचं, हे त्यातून गेलेल्या बाईइतकं नेमकं कुणीच सांगत नाही. मंजूर झालेला पैसा वापरला जावा म्हणून महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयातली एक खोली, एक परिचारिका आणि येणाऱ्यांचं बसभाडं एवढा खर्च सरकारला परवडत नाही, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप लाजेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. गटात गेलं की गावभर झालं. स्तनाविषयी तर बाई डॉक्टरांशीही अडखळत बोलते. पण याच लाजेतून असा एक सुरुवातीचा उपक्रम उभा राहिला. टेरीस लॅसर यांचा स्तन काढल्यावर पुढे काय, हे त्यांना कुणीच सांगेना, म्हणून त्यांनी १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘रीच टू रिकव्हरी’ सुरू केलं: शस्त्रक्रिया झालेली बाई नव्याने शस्त्रक्रिया झालेल्या बाईला भेटायला जाई, एकटीला, तिच्या खाटेपाशी. आपल्याकडे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालवला आहे. नवऱ्याचं दारूचं व्यसन ही काही कमी लाजेची गोष्ट नव्हती. त्यामुळे लाज गटाच्या आड येते असं म्हणण्यापेक्षा गट कसा बांधायचा हे ती ठरवते असं म्हणावं. गट गावात न भरवता तालुक्याच्या ठिकाणी, बाजाराच्या दिवशी भरवावा, म्हणजे बाई कशाला निघाली हे कुणाला सांगावं लागत नाही. दारावर ‘कॅन्सर’ लिहू नये. आधी एकीने एकीला भेटावं, मग तिची इच्छा असेल तर गटात आणावं. कन्हानच्या खाण वस्त्यांत हिंदी बोलणाऱ्या, उत्तरेकडच्या जंगलपट्ट्यात गोंडी बोलणाऱ्या बाया आहेत. त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारी एकजण गटात असावी.

तालुक्यात हे करण्याजोगी माणसं आहेत का? आहेत. बचतगटांचं जाळं गावोगाव आहे, आशाताई प्रत्येक गावात आहेत. विदर्भात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना अजून कित्येक गावांत संध्याकाळी होते. ज्या तुकडोजी महाराजांनी ती रुजवली ते १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले, हेही इथे आठवावं. एकत्र बसण्याची सवय शिकवावी लागणार नाही. साध्या स्त्रियांच्या गटांनी आरोग्यात काय घडतं याचा पुरावाही आपल्याच देशातला आहे. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी भागांत ‘एकजूट’ संस्थेने दरमहा स्त्रियांचे गट भरवले. गावातलीच एक प्रशिक्षित बाई ते चालवी. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यू तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी कमी दिसले, आणि तिसऱ्या वर्षी मातांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी. कर्करोगाच्याच क्षेत्रात बार्शीचं उदाहरण आहे. १९८७ मध्ये तिथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांशी बोलू लागले आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. नवं यंत्र आलं नव्हतं. आधारगटाचा हा बोनस मानावा: ज्या गावात एक बाई उपचार घेऊन परतली आहे आणि उघडपणे हिंडते-फिरते आहे, तिथली दुसरी बाई गाठ लपवण्याआधी विचार करते.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, ही तक्रार खरी आहे आणि तिला बगल देऊ नये. तिशी ओलांडलेल्यांची माहिती भरून घेण्यापासून लसीकरणापर्यंत सगळं त्यांच्याकडे आहे. हे काम त्यांच्या माथी फुकट मारायचं असेल तर ते होणार नाही, आणि झालं तरी वाईट होईल. आशाताईंनी नवी रुग्ण गटापर्यंत पोचवावी, एवढंच त्यांच्याकडून अपेक्षित असावं, तेही मोबदला देऊन. गट चालवण्याचं काम आजारातून गेलेल्या दोन-तीन स्त्रियांना प्रशिक्षण आणि मानधन देऊन सोपवावं. बचतगटालाच आधारगट करायचा मोहही टाळावा. जिथे कर्जाचे हप्ते ठरतात तिथे मी गोळी थांबवली, असं बाई मोकळेपणाने सांगणार नाही. नवऱ्यांसाठी वेगळी बैठक हवी. ती वर्षातून दोनदा झाली तरी पुष्कळ आहे, कारण बरेच पुरुष दुष्टाव्याने नव्हे तर काय बोलावं ते न कळल्याने दूर जातात.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. गटातली एखादी बाई मरणार. तेव्हा बाकीच्यांचं काय? या भीतीपोटी अनेक गट नकळत फक्त बऱ्या झालेल्यांचे होतात. मग तिथे हसरे चेहरे, यशोगाथा आणि ‘सकारात्मक राहा’ एवढंच उरतं. अमेरिकेतल्या लेखिका बार्बरा एरनराइक यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा त्यांनी २००१ मध्ये या सक्तीच्या आनंदीपणावर कडक टीका केली होती, आणि ती रास्त होती. सकारात्मक न राहिल्यामुळे आजार उलटला, असा दोष बाईच्याच पदरात टाकण्याइतकी क्रूर गोष्ट दुसरी नाही, आणि वर दिलेल्या अभ्यासांत त्या दोषाला कसलाही आधार मिळत नाही. स्पीगल आणि गुडविन यांचे गट तर आजार शरीरभर पसरलेल्या स्त्रियांचेच होते. त्या गटांत मरण आलं, त्याबद्दल बोललं गेलं, आणि तरीही उरलेल्यांची मनःस्थिती सुधारली. तेव्हा आजार उलटलेल्या बाईला गटाबाहेर ठेवणं चुकीचं आहे; तिला गटाची गरज सर्वांत जास्त आहे. ज्यांचे उपचार नुकतेच सुरू आहेत त्यांना ते ऐकणं जड जात असेल तर तिच्यासाठी वेगळी बैठक घ्यावी, ती येऊ शकत नसेल तर दोघींनी तिच्या घरी जावं, वेदनेच्या औषधाची चौकशी करावी. केरळात मलप्पुरम आणि कोळिकोडच्या परिसरात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी स्वयंसेवक होऊन अशा रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा केली, आणि त्यातून २००८ मध्ये त्या राज्याचं परिहार (पॅलिएटिव्ह) सेवेचं धोरण आलं. पारशिवनीत तेवढं मोठं काही लगेच होईल असं नाही. या पुस्तिकेच्या चौथ्या भागात घरभेटीची पद्धत, मॉर्फिनविषयीचे गैरसमज आणि गटातली मैत्रीण गेल्यानंतरची पहिली बैठक कशी घ्यावी, याची माहिती आहे. गट सुरू करणाऱ्यांनी तो भाग सगळ्यात आधी वाचावा, आणि तसा प्रसंग येण्याची वाट न पाहता आपसात बोलून घ्यावा.